मुक्कामाची गाडी

ज्या पार्सलांनी आमचं कापडाचं दुकान बंद पाडलं, तीच पार्सलं पुढे मी घरोघर पोचवली. नारायणगावच्या पेठेत वडिलांनी थाटलेलं दुकान. लग्नसराईत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. मग लोकांच्या हातात मोबाईल आले, साड्या मोबाईलमध्ये दिसू लागल्या आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन नुसतं कापड चाचपून जाऊ लागलं. एक बाई तर माझ्यासमोर गादीवर बसून, मीच उलगडलेल्या साडीचा फोटो काढून, तसलीच साडी मोबाईलवर शोधत होत्या. वर मलाच विचारलं, "शेठ, ही तीच हाय का बगा बरं." मी बघितलं. तीच होती.

त्या दिवशी ठरवलं, की या धंद्याशी भांडण्यात अर्थ नाही, सोयरीकच करावी. दुकानाच्या पुढच्या भागात एका पार्सल कंपनीचं केंद्र घेतलं. आमचे पूर्वज राजस्थानातून या मुलखात कापडाचे गठ्ठे घेऊन आले. मीही गठ्ठे सोडले नाहीत, फक्त आत काय आहे ते कळेनासं झालं. दहा-बारा वर्षं हे काम केलं आणि गेल्या वर्षी पुतण्याच्या हाती किल्ल्या दिल्या. आता दिवाळी अंकासाठी अनुभव लिही म्हणतात, तर सगळा इतिहास उगाळत नाही. सांगण्यासारखी एक गाडी आहे आणि ती गाडी चालवणारी सुजाता आहे. बाकी सगळा पालापाचोळा.

आधी धंदा थोडा समजून घ्या. पहाटे पुण्याहून मोठा ट्रक येतो. आम्ही माल उतरवून गावागणिक वाटणी करतो. नारायणगाव-जुन्नर शहरांची एक लाइन, घोडेगाव-शिनोलीची एक, पश्चिमेला मढच्या बाजूची एक. लाइन म्हणजे एका फेरीचा रस्ता. पूर्वी प्रत्येक लाइनला मोटरसायकली असत, पाठीवर भलीमोठी पिशवी, आणि रस्ताभर धूर. लोकांना वाटतं पार्सल पोचवायला पेट्रोल लागतं. खरी गोष्ट अशी, की पार्सल पोचवायला लागतं त्याहून जास्त पेट्रोल ते न पोचवायला लागतं. पत्ता असतो 'मारुतीच्या देवळामागे'. देवळामागे अख्खं गाव असतं. माणूस टोमॅटो तोडायला शेतात, फोन बांधावरच्या बाभळीला अडकवलेल्या पिशवीत, आणि दाराला कडी. मग उद्या परत, परवा परत. एक कंगवा तीनदा शिनोलीला जाऊन आलेला मी पाहिलाय. तो कंगवा एवढ्या मोठ्या खोक्यात होता, की त्यात शेळीचं करडू निवांत झोपलं असतं. आमचे वडील दोरीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवायचे. ती खोकी बघताना मला रोज त्यांची आठवण यायची आणि बरं वाटायचं नाही.

शिनोलीचंच एक गिऱ्हाईक सांगतो. निवृत्त शिक्षक, सगळे गुरुजी म्हणायचे. गुरुजी आज पेचकस मागवायचे, उद्या स्क्रू, परवा ते ठेवायला डबी. आमचा मोटरसायकलवाला कातावला. शेवटी मी स्वतः गेलो. म्हटलं, "गुरुजी, सगळं एकदम मागवत जा ना. एका खेपेत येईल, पेट्रोल वाचेल, धूर वाचेल."

गुरुजींनी कपात चहा ओतला, बशी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "कांतीशेठ, एकदम मागवलं तर आठवडाभर चहा कुणासंगं घेऊ?"

बायको गेलेली, मुलं पुण्यात. चहा घेतला आणि परत आलो. पण येताना घोडेगावपर्यंत डोक्यात तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो आणि विचारलं, "गुरुजी, अख्ख्या शिनोलीची पार्सलं तुमच्या पडवीत ठेवली तर? लोक येऊन घेऊन जातील." ते एका पायावर तयार झाले. तेव्हापासून शिनोलीला एकच खेप, एकच दार. लोक संध्याकाळी शेतावरून येताना पार्सल घेतात, चहा घेतात. महिनाभरात गुरुजींचा फोन आला, की साखर पुरत नाही. मग त्यांनी साखरेचं पोतंच मागवलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी एकदम मागवलं.

हे इथे आठवलं, कारण पुढे मढच्या लाइनला मला याच शहाणपणाची गरज पडली आणि तेव्हा ते नेमकं आठवलं नाही.

तर कंपनीच्या मनात आलं, की आपण धूर कमी करायचा. शहरात विजेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, आता तालुक्यातही चालतात का बघायचं होतं. आमच्याकडे एक छोटा विजेचा टेम्पो आला. पांढराशुभ्र, अंगावर हिरवं पान, पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा. आवाज अजिबात नाही. पहिल्या दिवशी जुन्नरच्या रस्त्यात म्हशी हटेनात. म्हशीला हॉर्नचं काही नसतं हो, तिला मागून इंजिन गुरगुरलेलं लागतं. सुजाता खाली उतरून म्हशींना हाकलायची, पुन्हा चढायची.

सुजाता मढच्या अलीकडच्या एका वस्तीतली. जुन्नर सोडलं की खिंड लागते, खिंड उतरली की पुढे तिचं घर, अगदी रस्त्याला लागून. नवरा नाही. ती चाकणला कारखान्यात ठेक्यावर कामाला होती आणि मुलगी सांची सुजाताच्या आईपाशी, वस्तीवर. महिन्यातून एकदा भेट. आमच्या गाडीची बातमी कळली तेव्हा ती ड्रायव्हिंगचं लायसन घेऊन थेट केंद्रात आली. "जय भीम, शेठ. गाडी मला द्या. चाकणमदी फोर्कलिफ्ट चालवलीय, ही तर लेकरू हाय." मी गाडी दिली आणि एकदाही पस्तावलो नाही.

पण कंपनीची अट होती. नारायणगावहून निघायचं, मढपर्यंत वाटप करायचं आणि संध्याकाळी गाडी पुन्हा केंद्रात आणून लावायची, सगळं एका चार्जिंगमध्ये. उन्हाळ्यापर्यंत हे जमलं नाही तर मढची लाइन बंद. लोकांनी जुन्नरला येऊन आपापली पार्सलं न्यायची, गाडी पुण्याला जाणार आणि सुजाता परत चाकणला.

ती पहाटेच्या जीपने नारायणगावला यायची, गाडी घेऊन निघायची. दुपारी स्वतःच्या दारावरून जायची, पण वेळेचं गणित असं, की थांबायची सोय नाही. थांबली तरी सांची तेव्हा शाळेत. संध्याकाळी गाडी केंद्रात लावून शेवटच्या जीपने घरी, आणि जेवणाचा डबा जीपमध्येच मांडीवर उघडून. सकाळी निघताना मुलगी झोपलेली, रात्री पोचताना झोपलेली. मी एकदा म्हटलं, "हे काय जिणं झालं?" तर म्हणाली, "चाकणपरीस बरं हाय शेठ. झोपलेली का व्हईना, दिसती तरी."

आता गंमत अशी, की गाडीचं काही जमेना. कागदावर ती मढला जाऊन आरामात परत यायला हवी होती. प्रत्यक्षात येताना खिंडीत तिची दमछाक. चार्ज संपत आला की काचेपुढच्या पट्टीवर कासवाचं चित्र उमटतं आणि गाडी खरोखर कासवाच्या चालीने चालते. सुजाता फोन करून सांगायची, "शेठ, कासव आलं." कंपनीने मेकॅनिक धाडला, त्याला काही सापडलं नाही. बॅटरी बदलली, तरी कासव हजर. मेकॅनिक म्हणाला, तुमच्या तालुक्याच्या हवेत काहीतरी आहे.

शेवटी एक दिवस मी माझी जुनी पेट्रोलची स्कूटर काढली आणि मागोमाग निघालो. पर्यावरणाच्या गाडीमागे धूर सोडत जाणारा माणूस म्हणजे मी. जुन्नर सोडलं आणि पहिल्याच फाट्यावर गाडी थांबली. एक जण पेंडीचं पोतं घेऊन उभा. पोतं गाडीत. पुढच्या फाट्यावर टोमॅटोच्या रोपांचे ट्रे. त्यापुढे रिवायंडिंग करून आणलेली विहिरीवरची मोटर, दोघांनी मिळून उचललेली. कुणाची खताची गोणी, कुणाच्या बहिणीला पाठवलेला कांदा. सुजाता खिडकीतून विचारायची, "कुटं टाकू?" आणि माणूस म्हणायचा, "वरच्या वस्तीला, आमच्या दारात." मग गाडी मुख्य रस्ता सोडून दगडाधोंड्यातून त्या वस्तीपर्यंत चढायची.

मी तिला अडवलं. "सुजाता, हा एवढा लोड?"

तिने मागे वळून बघितलं. खरंच गोंधळली होती. "लोड? शेठ, लोड म्हंजी पार्सलं. ही तर लोकांची अडचण हाय."

आमच्याकडे ही रीतच आहे. रिकामी जागा असलेली गाडी दिसली आणि जाणारा म्हणाला 'एवढं तेवढं टाक', तर नाही म्हणायचं नसतं. ते वजनात धरतच नाहीत. मेकॅनिकने 'लोड किती असतो' विचारलं होतं तेव्हा तिने पार्सलांचंच सांगितलं, आणि ती खोटं बोलली नव्हती.

"नाही म्हणायचं," मी म्हटलं.

"कसं म्हनायचं? ज्याची पेंड न्हाई घेतली त्याच्याच दारात उद्या पार्सल घिऊन उबं ऱ्हायचंय मला."

तिचं बरोबर होतं, म्हणून मी रागावलो. माणसाचं असंच असतं. आणि त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला, की रेवती मॅडम गाडीची शेवटची पाहणी करायला येणार. त्या स्वतः गाडीत बसून मढपर्यंत जाणार आणि त्या सांगतील तो निर्णय.

मी पक्का बंदोबस्त केला. सुजाताला बजावलं, उद्या कुणाचं चिमूटभर घ्यायचं नाही. तेवढ्यावर न थांबता मी लाइनवरच्या ओळखीच्या माणसांना स्वतः फोन केले. "उद्या पुण्याहून कंपनीच्या मॅडम येणार आहेत. त्यांच्यावर सगळं अवलंबून आहे. सुजाताची नोकरी आहे, तुमची लाइन आहे. उद्या गाडीत कुणी काही टाकू नका." सगळे म्हणाले, "शेठ, बिनघोर ऱ्हावा." मी बिनघोर झोपलो.

साठीला आलेल्या माणसाला एवढं कळू नये, की आपल्या भागात 'पाहुणी येणार' असं सांगितलं की काय होतं.

रेवती मॅडम तरुण, मोकळ्या, काम मनापासून करणाऱ्या. गाडीत सुजाताशेजारी बसल्या, मी मागे स्कूटरवर. पहिल्या फाट्यावर पेंडीचं पोतं नव्हतं. तिथे चार बाया ताट घेऊन उभ्या होत्या. मॅडमना कुंकू लावलं, गाडीपुढे नारळ फोडला आणि नव्या तांदळाचं गाठोडं गाडीत ठेवलं. "आमची अडचन न्हाई टाकली बरं का शेठ," त्यातली एक मला म्हणाली, "ही मॅडमला भेट हाय."

पुढच्या फाट्यावर भोपळे. त्यापुढे नाचणी, वालाच्या शेंगा, चिंचेची बोचकी, आणखी तांदूळ. मॅडम म्हणत होत्या, "अहो नको, हे नियमात बसत नाही," आणि लोक म्हणत होते, "नसंना, गाडीत बसतंय की." मी मागून हातवारे करून नको-नको सांगत होतो. लोकांना वाटलं मी नमस्कार करतोय. तेही हात जोडत होते. एका म्हाताऱ्याने तर पाय बांधलेला कोंबडा आणला. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, मी शाकाहारी आहे." म्हातारा म्हणाला, "मंग पाळा." कोंबडा मॅडमच्या पायाशी.

मढला पोचेपर्यंत पार्सलं सगळी उतरली होती आणि गाडी सकाळपेक्षा जास्त भरली होती. परतीला खिंडीच्या पायथ्याशीच कासव आलं. अर्ध्या चढावर गाडी थांबली. इंजिनच नाही, त्यामुळे बंद पडल्याचा आवाजही झाला नाही. फक्त कोंबडा आरवला.

मी स्कूटर लावून खिडकीशी गेलो. सुजाताचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात तीच बोलली.

"मॅडम, गाडीत काय खोट न्हाई. बॅटरीत न्हाई, हवेत न्हाई. रोज मी लोकांची पोती घेते, वस्तीवर चढवते, म्हनून कासव येतं. माजी नोकरी जाईल ती जाऊ द्या, पन गाडीला नाव ठेवू नका. लई गुनाची गाडी हाय."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाटलं, की झालं, आता पुन्हा चाकण. मी म्हटलं, "मॅडम, पाहुणी येणार म्हणून गावभर फोन मी केले. आजच्या भोपळ्यांचा गुन्हेगार मी आहे."

रेवती मॅडम खाली उतरल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "ही पोती तुम्ही नेली नाहीत तर ती वर कशी जातात?"

"कशी म्हंजी? मोटरसायकलीवर," सुजाता म्हणाली. "एका पोत्यापायी एक मानूस जुन्नरला न्हाईतर नारायणगावला खेप घालतो. दीस मोडतो, पेट्रोल जातं."

शेजारून एक मोटरसायकल चढ ओढत गेली. मागे पोतं, त्यावर पोराला धरून बसलेली बाई, आणि काळा धूर. मॅडम ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. "म्हणजे तुमच्यामुळे जो धूर वाचत होता, तो आम्ही मोजतच नव्हतो," एवढंच म्हणाल्या.

पण गाडी तर हलवायला हवी होती. चढ शक्य नव्हता. सुजाता म्हणाली, मागं फिरू, उतार हाय, खाली माजं घर हाय. या गाडीचा एक गुण असा, की उताराला सोडली की चाकंच थोडीफार वीज परत भरतात. कासव जायची वाट बघत बघत आम्ही तिच्या अंगणात पोचलो. सुजाताची आई यमुनामावशी दारात आली. तिने आधी माणसं मोजली, मग चुलीकडे वळली.

गाडीची वायर घरातल्या सॉकेटला लावली आणि घरातली वीज गेली. मग फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, फ्यूज घातला, तेव्हा गाडीने वीज ओढायला सुरुवात केली. सांची शाळेतून आली होती. ती गाडीभोवती दोनदा फिरली आणि आईकडे बघून म्हणाली, "तू आज उजेडात कशी?"

इकडे माझा फोन वाजला. आमच्या सौ. "सूर्य खाली चाललाय, जेवलात का?" आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. मी कुठे आहे हे सांगायला शब्द शोधत होतो, तोच यमुनामावशीने ताट पुढे ठेवलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण. "शेठ, तुमचं येगळं काढलंय. कांदा न्हाई, लसून न्हाई. जेवा, अजून ऊन हाय." भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोखाली बसून मी जेवलो. पश्चिमेचं ऊन थेट ताटात येत होतं. इतकं चवीचं जेवण मी क्वचित जेवलो असेन, आणि हे सौ.च्या हाती अंक पडणार हे माहीत असून लिहितोय.

मॅडम ओट्यावर बसून काळजी करत होत्या. गाडी संध्याकाळी केंद्रात लागली पाहिजे असा नियम, आणि गाडी इथे. यमुनामावशी भाकरी थापता थापता आतूनच म्हणाली, "आपल्या गावाला एसटी नाय का मुक्कामाला ऱ्हात? सांच्याला येती, सकाळी जाती. हिला बी ऱ्हाऊ द्या की."

मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी सुजाताकडे. मुक्कामाची एसटी लहानपणापासून बघतोय आम्ही सगळे. शेवटच्या गावात रात्री उभी राहते, सकाळी तिथलीच माणसं घेऊन तालुक्याला येते. येण्याजाण्याची दगदग एकाच दिवसात कशाला करायची, हे एसटीला ठाऊक होतं. शिनोलीत गुरुजींच्या पडवीचा शहाणपणा करणाऱ्या मला मात्र हे सुचलं नव्हतं. मॅडम एकदम हसायला लागल्या. म्हणाल्या, "सकाळी खाली यायचं, केंद्रात पार्सलं भरेपर्यंत चार्ज करायचं. मग वाटप करत वर यायचं आणि इथे चार्जला लावायचं. कासव येणारच नाही."

"आन खाली येताना गाडी रिकामी कशाला आनायची?" सुजाता म्हणाली. "हितनं पुन्याला लेकाला तांदूळ धाडनारी घरं हायत, मोटरी दुरुस्तीला जानाऱ्या हायत."

"न्या. पण नोंद करून, चिकटपट्टी लावून, पार्सल म्हणून," मॅडम म्हणाल्या. "अडचण म्हणून नाही."

आता माझ्यातला व्यापारी जागा झाला. म्हटलं, "आणि पोतं दारापर्यंत मिळणार नाही. ज्याची पेंड असेल त्याने फाट्यावर यायचं आणि परत जाताना आपल्या वस्तीची सगळी पार्सलं घेऊन जायची. गाडी मुख्य रस्ता सोडणार नाही."

त्या रात्री मॅडम यमुनामावशीकडेच राहिल्या. गाडी सकाळपर्यंत भरते का, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. मी स्कूटरवरून परतलो. सकाळी शटर वर करतोय तर समोर आमची गाडी उभी. मॅडमच्या मांडीवर भोपळा, मागे कुणाकुणाचे तांदूळ, आणि पट्टीवर कासवाचा पत्ता नाही.

तरी कंपनी ती कंपनी. पाहणी झाल्यावर पुष्कळ दिवस काही कळेना. त्यात चाकणच्या ठेकेदाराचा सुजाताला फोन आला, की जागा आहे, येतेस का. तिने मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, थोडं थांब. आतून मात्र मला खात्री नव्हती, आणि माझ्या भरवशावर तिने हातची नोकरी घालवली तर काय, या विचाराने मी दिवसभर पुतण्यावर ओरडत होतो. शेवटी रेवती मॅडमचा फोन आला. आधी त्यांनी कोंबड्याची चौकशी केली. कोंबडा सुजाताच्या अंगणातच राहिला होता. मी अट घातली होती, की त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यावर सुजाता म्हणाली होती, "मॅडमचा हाय त्यो शेठ, त्याला कोन हात लावनार?" पोरं त्याला साहेब म्हणतात. कोंबड्याचं कळल्यावर मॅडम म्हणाल्या, मढची लाइन चालू राहील. गाडीचा मुक्काम सुजाताच्या घरी, तिथे कंपनीचं वेगळं मीटर.

मी सुजाताला सांगितलं. ती गाडीच्या बॉनेटवरची धूळ ओढणीने पुसत राहिली, जिथे धूळ नव्हती तिथलीसुद्धा.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. खोकी अजून तेवढीच मोठी येतात. ती आता तांदूळ पाठवायला परत वापरतो, एवढंच. पेठेतल्या गादीवर बसून साडीचा पदर बोटांनी पारखणारी बाई मात्र गेली ती गेली, आणि कुठलीही गाडी तिला परत आणणार नाही. पण मढच्या रस्त्याला संध्याकाळी फाट्याफाट्यावर माणसं उभी असतात. आपलं पोतं घेतात, शेजाऱ्याची पार्सलं घेतात, चालत घरी जातात. मोटरसायकली कमी दिसतात. म्हशी अजूनही हटत नाहीत.

केंद्र सोडण्याआधीची गोष्ट. एका संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या मालाचं काही विचारायला मी सुजाताला फोन केला. आमचं जेवण कधीच उरकलं होतं, बाहेर नुकतं अंधारलं होतं. फोन सांचीने उचलला.

"शेठ, आई जेवतीय," ती म्हणाली. "माज्यासंगं. गाडीबी जेवतीय. तुमी सकाळी फोन करा."

आणि तिने फोन ठेवला. कुणी मला असं फोनवरून हाकललं की मी दिवसभर धुमसतो. त्या दिवशी सौ.ने विचारलं, एवढं काय हसताय, तर म्हटलं, गाडी जेवतेय.